इंदूच्या ओट्यावरचं पाणी

सन दोन हजार पंचवीस. मी चौऱ्याहत्तर वर्षांचा झालो, आणि तुझं लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच अक्षय तृतीयेला, आपल्या आखाजीला, तुला आणायला धुळ्याला जायचं नव्हतं. तरी चार दिवस आधी मी टोपी धुवायला टाकली. तुझी वहिनी म्हणाली, "कुठं निघालात?" मी म्हणालो, "कुठं नाही. मळली होती." टोपी मळलेली नव्हती, इंदू.

पौषात तू गेलीस. छातीत कफ भरला, दवाखान्यात नेलं, आणि मी पोचेपर्यंत तू शांत झाली होतीस. माहेरची हिरवी साडी मीच आणली, दारातच तुझ्या अंगावर मीच घातली. दहावं-तेरावं झालं. त्या सगळ्या दिवसांत मी तुझ्या लेकीकडे, ज्योतीकडे जेवलो, ज्योतीकडे झोपलो, आणि तुझ्या घरी ओट्यावर बसून राहिलो. पाण्यानं भरलेली माझी छागळ शेजारी होतीच. कोणी मला पाणी विचारलं नाही. गल्लीला माहीत आहे.

मग आखाजीच्या आधी तुझ्या नवऱ्याचा, भगवानरावांचा फोन.

"भाऊ, आखाजीले घागर भरनी शे तिन्या नावनी."

"भरा ना मग. मला कशाला विचारता?"

"ती सांगी गयी. घागर भाऊना हातथीन भरा म्हने."

मी फोन तसाच कानाला धरून उभा राहिलो. आपल्याकडे वर्षभरात घरातलं जे माणूस गेलं त्याच्या नावानं आखाजीला नवी घागर भरतात. तिच्यावर लोटा, त्यावर खरबूज, आंबा, सांजोरी. गेलेल्याला तहान लागते, त्याला पाणी पोचावं म्हणून. पूजा झाली की तीच घागर पुढं उन्हाळाभर घरात पिण्याच्या पाण्याला लागते. तू जाता जाताही डोकं चालवलंस. ज्या घरचं पाणी मी पीत नाही, त्या घरात पाणी भरायचं ते माझ्याच हातानं!

हे कुठून सुरू झालं ते तुला ठाऊक आहे, पण ज्योतीला अर्धवट माहीत आहे. तिनंच वही आणून दिली आणि म्हणाली, "मामा, आईशी भांडल्याशिवाय तुम्हाला चैन पडणार नाही, तर लिहूनच भांडा." माझं शिक्षण चौथीचं. जसं येईल तसं लिहितो.

ज्योती तेव्हा कडेवर होती. आखाजीला तू आलीस की निंबाचा झोका सोडायची नाहीस. गाणी म्हणून गळा बसायचा तुझा. पण त्या वर्षी तिसऱ्या दिवशी तू झोक्यावरून उतरलीस आणि मटकन खाली बसलीस. "भाऊ, पाय मना राह्यनात नही," म्हणालीस. वैशाखाचं ऊन, पत्रे तडतडत होते. एका डोळ्यासमोर धूर येतो म्हणालीस. आम्ही नजर उतरवली, मेथीचे लाडू केले, भगताकडे नेलं. तू महिनाभर खाटेवर. मग पाऊस पडला, हवा गार झाली, आणि तू उठून चालायला लागलीस. मी तुला धुळ्याला सोडलं.

पुढच्या आखाजीला तेच. त्याच्या पुढच्या आखाजीलाही तेच. माहेरी आली की पाय जातात, पाऊस पडला की पाय येतात. तुझ्या सासूनं तिसऱ्या वर्षी उंबऱ्यात उभं राहून, गल्ली ऐकेल एवढ्या आवाजात सांगितलं, "माहेरनं ऊन गोड लागस, आनि सासरनी सावली टोचस! बठ्ठं नाटक शे हाई."

माझ्या हातात पाण्याचा पेला होता. तो मी ओट्यावर ठेवला आणि म्हणालो, "आजपासून या घरचं पाणी मला वर्ज्य."

तिकडं म्हणत होते सोंग आहे. आपल्याकडं म्हणत होतो, सासुरवासानं पोरीची हाडं खिळखिळी झाली. दोन्ही घरं कडाकडा भांडली. उन्हानं तुझे पाय जातात, ही साधी गोष्ट कोणाच्या डोक्यात आली नाही. कशी येईल? उन्हानं सगळ्यांचेच पाय जातात आपल्या खान्देशात.

सासू गेली तरी शब्द शब्दच राहिला. दर आखाजीला मी तुला घ्यायला यायचो, ओट्यावर बसायचो, खांद्यावरची छागळ काढून दोन घोट प्यायचो. आणि तू दारात येऊन म्हणायचीस, "धुयानी पांझरा आटी गयी का भाऊ? घरथीन पानी लई उना!"

मी म्हणायचो, "पांझरा तुमनी, छागय मनी."

तू आत जाऊन तरी एक पेला भरून आणायचीस. माझ्याजवळ ओट्यावर ठेवायचीस. मी बघायचो नाही. निघताना तू तो उचलून मोगऱ्याला घालायचीस. पुढं पुढं तुझा हात थरथरायला लागला, भरलेला पेला दारापर्यंत येईतो निम्मा सांडायचा. मग तू अर्धाच भरायला लागलीस. "पूर्ण आनीसन तरी तू कुठे पेस?" म्हणायचीस. गल्लीतल्या बायका हसायच्या. खरं सांगू, मला त्या पेल्याची वाट पाहायची सवय लागली होती. तो यायला उशीर झाला तर मी आत डोकावायचो.

मग जळगावची ती डॉक्टरीणबाई. तू, भगवानराव आणि मी. तुला मोठ्या मशीनमध्ये घालून डोक्याचे फोटो काढले होते. तिनं ते उजेडावर धरले आणि आजाराचं नाव सांगितलं, मल्टिपल स्क्लेरोसिस. भगवानरावांनी ते दोनदा म्हणून पाहिलं. मी म्हटलं, नाव राहू द्या, झालंय काय ते सांगा. ती म्हणाली, "आबा, तुमच्या विहिरीवरच्या मोटारीची वायर उंदरानं कुरतडली तर?" मी म्हणालो, "मोटार गचके खाते. कधी चालते, कधी नाही." "तसंच. मेंदूतून पायाला, डोळ्याला ज्या वायरी जातात, त्यांच्यावरचं कव्हर शरीर स्वतःच कुरतडतं. अंग तापलं की अशा वायरीतून करंट नीट जात नाही. गार झालं की परत जातो."

त्या एका वाक्यात माझ्या सगळ्या आखाज्या उलगडल्या. मी तुझ्याकडं बघितलं. तू भगवानरावांकडं बघत होतीस. ते फरशीकडं.

मग तिनं विचारपूस सुरू केली. लहानपणी मोठा ताप आला होता का, मानेला गाठी आल्या होत्या का? आल्या होत्या, चौदाव्या वर्षी, महिनाभर अंथरुणात होतीस. त्या वयात अंगानं कशा होत्या? "गोलमटोल," तूच हसून म्हणालीस. घरात बिडी-सिगारेटचा धूर? भगवानरावांनी खिशावर हात ठेवला. उन्हात किती असता? रक्तात ड जीवनसत्त्व फारच कमी आहे, ते उन्हातून मिळतं.

मला राग आला. मी म्हणालो, "डॉक्टरीणबाई, आमच्या चोपड्याकडं पाणी कमी म्हणा, वीज कमी म्हणा. ऊन कमी म्हणू नका."

ती हसली. "ऊन गावात असून भागत नाही आबा. अंगावर पडावं लागतं."

पुढं तिनं बजावून सांगितलं की यातलं कुठलंही एकच कारण धरून बसू नका. धूर, तो ताप, उन्हाची कमतरता, कोवळ्या वयातलं वजन, आणि थोडं रक्तातूनच आलेलं काही, असं सगळं कुठं तरी एकत्र येतं तेव्हा होतं. हेच सगळं वाट्याला येऊनही बहुतेकांना काही होत नाही. का, ते डॉक्टरांनाही पुरतं कळलेलं नाही. तू मान डोलावलीस. मी नाही डोलावली. मला जे पाहिजे होतं ते मी उचललं होतं. धुळ्याची ती खोली! पुढं शिलाईचं मशीन, मागं चूल, मध्ये खिडकी नाही, आणि दिवसभर बिडीचा धूर. माझ्या शपथेवर डॉक्टरचा शिक्काच बसला म्हण ना.

दवाखान्याच्या फाटकाशी भगवानरावांनी खिशातून बिडीचं बंडल काढलं आणि तिथल्या वॉचमनला देऊन टाकलं. परत कधी ओढली नाही. एसटीत बसल्यावर तू काय म्हणालीस आठवतं? "त्या बिचाऱ्याला कशाला दिलं? त्याला बायको नाही का?" त्या एसटीत आपण तिघं इतके हसलो की कंडक्टर मागं वळून बघायला लागला. एवढा मोठा आजार सांगितला होता तुला त्या दिवशी, आणि आपण हसत होतो.

आपलं खरं भांडण त्यानंतर. मी ओट्यावर बसून म्हणायचो, या घरानं तुझं वाटोळं केलं. तू भाजी निवडत म्हणायचीस, नाही. असं कितीतरी वर्षं. एकदा तू विचारलंस, "भाऊ, तुझ्या केळीवर करपा आला होता ना, मागं?"

"आला होता. पानं जळाली बठ्ठी."

"कशानं?"

"पाऊस लांबला. लागवड दाट झाली. पाणी साचलं. बाजूच्या बागेत आधीच होता."

"मग शिव्या कोणाला दिल्यास? पावसाला, का पाण्याला, का शेजाऱ्याला?"

"शेजाऱ्याला."

"मला माहीत होतं," तू म्हणालीस आणि वांगं माझ्या अंगावर फेकलंस.

मी म्हणालो, तरी सुद्धा खोली ती खोलीच. तेव्हा तू सुरी खाली ठेवलीस. "डॉक्टरीणबाई काय म्हटल्या, तू अर्धंच ऐकलंस. हे जे काय पेरलं जातं ते बहुतेक कोवळ्या वयात पेरलं जातं. बारा-पंधरा-अठरा. त्या वयात मी कुठं होते, भाऊ?"

मी मांडीवरच्या टोपीची घडी घातली.

"मोठी झाले तशी आईनं मला अंगणात उभं राहू दिलं नाही. काळी पडेल, पाहायला येतील ते काय म्हणतील. सगळ्या पोरी निंदायला जायच्या, मी घरात. दादांची चिलीम माझ्याच खोलीत. आणि लग्न जमवताना तू काय सांगितलंस या लोकांना? पंगतीत, मिशीवर हात फिरवून?"

मी उठलो. टोपी घातली. तू मागून म्हणालीसच, "आमन्या इंदूनी ऊन देखेल नही!"

सांगितलं होतं मी तसं. आणि आजही सांगतो, खोटं नव्हतं. गावात एकटी माझी बहीण अशी होती जिच्या पायाला ढेकूळ लागलं नव्हतं. बाप चिलमीत गुंग, मी वीस-बावीस वर्षांचा, दोघांचं काम एकटा ओढायचो, का तर इंदूला शेतात पाठवावं लागू नये. मला त्याचा अभिमान होता. जे माझ्या हातात होतं त्यातलं सगळ्यात चांगलं तुला दिलं. ते सावली निघालं, त्याला मी काय करू?

तू काही मला बोल लावत नव्हतीस, ते मला कळत होतं. तुझं म्हणणं एवढंच होतं, की मला एक चोर पाहिजे असेल तर तो धुळ्यातच सापडेल असं नाही, आणि म्हणून चोर शोधूच नये. कळत होतं तरी मी तरातरा निघालो. इतका तरातरा की छागळ तुझ्या ओट्यावरच राहिली. अमळनेर येईतो घसा कोरडा पडला. तू ती छागळ ज्योतीबरोबर पाठवलीस, तुझ्या नळाच्या पाण्यानं गच्च भरून! मी ते पाणी केळीच्या एका रोपाला घातलं. ते रोप चांगलं फुगलं, हे मी तुला कधी सांगितलं नाही. आता सांगतो.

भांडण तिथंच राहिलं. तू परत ते वाक्य काढलं नाहीस. मी उत्तर दिलं नाही. पण पुढच्या आखाजीच्या आधी मी अंगणातला झोका सोडून विहिरीजवळच्या आंब्याला बांधला. तीन बाजूंनी केळीची बाग, वैशाखातही तिथं गारवा असतो. आपण केळीला गरम वारा लागू नये म्हणून कडेनं शेवरी लावतो ना, तशी मी आंब्याच्या पश्चिमेला दाट शेवरी लावली. खाट टाकली, पाण्याचं पिंप ठेवलं. तू मानेला ओला पंचा गुंडाळून झोक्यावर बसलीस. तिसरा दिवस आला. मी बांधावर उभा राहून तुझ्या पायांकडं बघत होतो. तू उतरलीस, काठी टेकत विहिरीपर्यंत गेलीस, परत आलीस. म्हणालीस, "काय बघतोस? पाय मनाच शेत."

इंदू, माझ्या आयुष्यात केळीला चांगले भाव मिळाले, नातवंडं झाली, सगळं झालं. पण त्या दिवसासारखा दिवस नाही. त्यानंतरच्या आखाज्या आपण तिथंच केल्या. काठीची पुढं खुर्ची झाली, झोका हळू झाला, गाणी तीच. मी समाधानी आहे ते त्यामुळं.

आणि तिकडं धुळ्याला भगवानराव काय करायचे ते मला ओट्यावरून दिसायचं. हिवाळ्यात मी भेटायला यायचो तेव्हा साडेनऊ-दहाला ते तुला पाठीवर घेऊन गच्चीवर न्यायचे. कोवळं ऊन नको, थोडं चढलेलं पाहिजे, पण तापलेलं नको, असा डॉक्टरीणबाईचा हिशोब. त्यानं झालेला आजार जात नाही हेही तिनं सांगितलं होतं. मी एकदा विचारलं, "मग आता त्या उन्हाचा काय उपयोग? बिडी सोडून तरी काय उपयोग?" तू म्हणालीस, "मला किती उपयोग देव जाणे. पण ज्योती बघते ना."

ज्योती घाबरली होती, आईचं आपल्याला येईल का म्हणून. तिला तू दवाखान्यात नेऊन विचारायला लावलंस. तसं थेट वारशानं येत नाही, भीती थोडी जास्त, पण थोडीच. बाकीचं आपल्या हातात जेवढं आहे तेवढं करायचं. तू लगेच हुकूम सोडलास, तिच्या घरात कोणी सिगारेट पेटवणार नाही आणि तिची तनू रोज मैदानावर खेळायला जाईल. तनू खो-खो खेळून आली, तांबडी-काळी झालेली, आणि माझ्या तोंडातून निघून गेलं, "पोरगी काळी पडली की!"

तू खुर्चीतून माझ्यावर अशी ओरडलीस की भगवानराव मशीन थांबवून बाहेर आले. "पडू दे काळी! ऊन देखू दे तिले!"

मी ओट्यावर, छागळ मांडीवर. तो तुझा विजय होता, तो मी तेव्हाच मान्य केला, फक्त मोठ्यानं नाही.

तर आखाजीला मी गेलो. टोपी धुतलेली होतीच. तुझ्या घराचा उंबरा इतक्या वर्षांनी ओलांडला. ती खोली, बघ, मला वाटायची त्यापेक्षा लहान निघाली. मागच्या भिंतीत खिडकी पाडलेली आहे. "कधी पाडली?" मी विचारलं. "जळगावहून आलो त्याच महिन्यात," भगवानराव म्हणाले. तू मला हे कधी बोलली नाहीस. बोलली असतीस तरी मी ओट्यावरून मानलं नसतं, म्हणून बोलली नसशील.

घागर मी भरली. थोडं सांडलं. तनूनं खरबूज ठेवलं. तुझ्या नावानं मी निखाऱ्यावर घास टाकला. मग बाहेर येऊन ओट्यावर बसलो, छागळीतलं पाणी प्यालो. सवय.

थोड्या वेळानं भगवानराव बाहेर आले. त्यांनी एक पेला माझ्याजवळ ठेवला. अर्धा. आणि आत गेले. मी त्या पेल्याकडं बघत बसलो. ऊन उतरेपर्यंत बघत बसलो. मग ते आले, पेला उचलला, मोगऱ्याला घातला. मी ज्योतीकडं मुक्कामाला गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझी चोपड्याची एसटी होती. ज्योतीनं छागळ भरून ठेवली होती. मी ती तिच्या खुंटीलाच टांगली आणि तुझ्या घरी गेलो. दार उघडं होतं. भगवानराव वर गच्चीवर होते, तुझी खुर्ची उन्हात मांडत होते, बहुतेक सवयीनंच. मी त्यांना हाक मारली नाही. आत गेलो, तुझ्या घागरीवरचा लोटा उतरवला, फळीवरून पेला घेतला, काठोकाठ भरला आणि उभ्यानंच संपवला. मग अर्धा भरून घेतला आणि बाहेर तुझ्या ओट्यावर बसून सावकाश प्यालो. जिना उतरताना भगवानरावांनी बघितलं. म्हणाले, "भाऊ?"

"काही नाही," मी म्हणालो. "छागळ ज्योतीकडं विसरली."

पाणी गोड होतं, इंदू. पण हे मी त्यांना सांगितलं नाही.